भगवानरावांचं भाकीत

गेवराईच्या स्टँडवर बीडची एसटी येईना. शेजारी दोन म्हातारे बसले होते.

"भगवानराव, चुकलात की तुमी! आपल्या हॉकीच्या पोरी पहिल्याच मॅचला हारतील म्हणलता. आज बीडला फायनल हाय."

"तू तरी कुठं बरोबर ठरला, राधाकिशन? सेमीफायनलला घरी येतील म्हणलतास."

"दिवाळी झाली की निम्मी टीम मायबापासंग ऊसतोडीला जाती. औंदा पोरी हॉकीपायी मागं राहतील, हे कुणाला ठावं?"

"मला बी न्हाई."

"पण दर मॅचला पारावर बसून 'हारतील' म्हणायचं कावून? तुमची नात शिवकन्या गोलकीपर हाय. आज जिंकली तर क्रीडा वसतिगृह, न्हाईतर हातात कोयता. तुमचं ऐकून लई रडली ती."

"माझं भाकीत कधी खरं झालंय का?"

"कधीच न्हाई. पाऊस, इलेक्शन, जावई... सगळं उलटंच."

"मग?"

राधाकिशन जवळ सरकला.

"आज काय होईल, भगवानराव?"

"लई बेकार हारतील."

"आन् पिशवीत पेढे कावून?"

"हारल्याचे हाईत. हळू बोल."

एसटी आली. राधाकिशन पायरीवरूनच कंडक्टरला मोठ्यानं म्हणाला, "दोन बीड द्या. आमच्या पोरी आज हारणार हाईत!"