शिबिरातलं श्रीखंड

...आन वर म्हणती कशी, "आज्जे, तिन्ही दिवस श्रीखंड-पुरी व्हती." आता तुमीच सांगा, चाळीस पोरांना तीन दिवस श्रीखंड घालायचं, तर गुरुजी शाळा चालिवत्यात का पोरीचं लगीन काढलंय? मला पटलं न्हाय. पण मी गप बसले. का गप बसले ते सांगते, दम धरा, मधी बोलू नका.

ही आमची दिशा, माज्या ल्योकाची पोरगी, चौथीत. माज्या पदराचं टोक मुठीत असल्याबिगर हिचा डोळा लागत न्हाय. आन शाळेनं काढलं शिबीर, बारामतीच्या अंगाला, कुणाच्या तरी आमराईत. मोहनराव गुरुजी दारात येऊन म्हणले, "रंगुमावशी, पोरं स्वावलंबी व्हत्यात." माणूस इतकं गोड बोलाय लागलं की मला संशय येतो. ताट घरनं, अंथरूण घरनं, बॅटरी घरनं... मग शाळेचं काय, निस्ती सावली? पण ल्योकानं सही ठोकली, सून म्हणली, "जाऊ द्या आत्या, आपल्याला कुणी धाडलं व्हतं का कधी?"

पयली रात मीच जागी. सकाळी म्हणलं, डोळं दाखवाय बारामतीला जाते. शेजारच्या सोपानचा टेम्पो टमाटी घेऊन मार्केट यार्डाला निघालाच व्हता, बसले फुडं. आमराईपाशी उतरले तर म्हणतो, "काकू, हितं कुठला दवाखाना?" म्हणलं, "तू टमाटी बघ, आन माघारी येताना मला घे."

कुंपणाआड, एरंडामागं हुभी ऱ्हायले. म्हणलं, पोरगी रडत बसली असंल, मला बघून पळत यील, उचलायची आन टेम्पोत घालायची, गुरुजींचं शिबीर गुरुजींपाशी. आन बघते तर काय... पंगतीला बसलीया, आन ताटात दोडका. घरी दोडका केला तर अशी बघती जणू मी पाल शिजवली, आन तितं दोनदा मागून घेतला! सोताचं ताट घासलं, शेजारच्या पोरीचं बी घासून दिलं, वर खिदळणं. जरा रडली असती तर... आजीनं असं म्हणू न्हाय, पण आलं मनात. मुकाट टेम्पोत येऊन बसले. घरी ल्योकानं इचारलं, "डाक्टर काय म्हणला?" म्हणलं, "नजर शाबूत हाय म्हणला."

आता सांगा, श्रीखंडाचं खोटं धरू कसं? तिचं धरलं की माजं उघडं पडतंय. पोरगी आल्या दिवशी ओसरीवर बसून शेजारची पोरं गोळा करून गोष्टीवर गोष्ट सोडाय लागली. बिबट्या आला म्हणं, हिनं बॅटरी मारली, तसा पळाला. अगं, बॅटरीचं सेल तर हितंच फळीवर ऱ्हायल्यालं! मग माज्याकडं वळून म्हणती, "आज्जे, तुज्याबिगर मी रातभर रडले." ग्वाड लागलं, खोटं कशाला बोलू. पण रातभर रडणारी पोरगी दोडका दोनदा खाती व्हय? नऊ वर्साची पोर मलाच गोंजारती का काय, असा संशय शिरला तो शिरलाच.

तेवढ्यात तिनं आवाज बारीक केला. "आन दुसऱ्या दिवशी जेवताना कुंपणामागं भूत हुभं व्हतं. हिरव्या लुगड्यातलं."

आमच्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तवाच समदी भुतंखेतं घराभायर काढली, आन ही नवं घिऊन आली. शेजारचा सुयश म्हणला, "मग गं?"

"समदी भ्याली. गुरुजी काठी घिऊन निघालं. मी म्हणलं, गुरुजी, असू द्या, ते काय करत न्हाय. मी जेवले का तेवढं बघतं आन जातं. म्हणून तर दोडका बी दोनदा घेतला, हसून बी दाखवलं. न्हायतर तारा मोडून आत आलं असतं मला न्यायला."

सुनेनं दोरीवर वाळणाऱ्या हिरव्या लुगड्याकडं बघितलं. ल्योक पेपरातनं डोकं न काढता म्हणला, "आये, डाक्टर खरं बोलला. नजर शाबूत हाय तुजी."

पुढच्या साली पाच दिवसाचं शिबीर हाय म्हणं, बारामतीच्या बी पल्याड. मी न्हाय जाणार. भुताला एकदा पोरानं वळखलं, की त्याच्यात काय दम ऱ्हात न्हाय.