ढाब्यावरची आठ लेकरं

नातवंडांनो, सुनंदा माझी जुनी विद्यार्थिनी. पांढरकवड्याकडच्या एका गावात ती अंगणवाडी सेविका आहे. मागच्या आठवड्यात घरी आली आणि तासभर बोलत राहिली, ते जमेल तसं तिच्याच बोलीत उतरवलं आहे. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची जंगलालगतची वस्ती, एवढं माहीत असलं की पुरे.

मी मूळची राळेगाव तालुक्यातली, बाई, बाप सालदार, माय निंदनाले जाये, पन पोरीले शाळेतून काढाचं नाव दोघाइनं कधी घेतलं नाई. बारावी झाली, लग्न होऊन इकडं आली, अन् सोळा वर्षं झाले अंगणवाडी चालवून राह्यली. गाव सडकेच्या बाजूनं हाय अन् पोड नाल्यापलीकडं, चढावर, पन दोन्हीकडची लेकरं माह्याच रजिस्टरात. आता काय सांगू तुमाले, गावातल्या लेकराइले दूध हाय, दाळ हाय, भरवाले आजी घरी बसली हाय. पोडावर मायबाप उजाडाच्या आधी कापूस येचाले जाते, पाच वर्षाची बहीन लहानीले सांभाळते, पेज पाजते, झालं. मधात अंतर कितीसं, त एक नाला.

आधी कागद होता तवा गावाची अन् पोडाची एकच बेरीज होये. गावातल्या जाड्या लेकराइच्या आड पोडाची लेकरं लपून जात, अन् साहेब लोक खूश, म्हनत सुनंदाबाईचं गाव छान हाय. कोनी नाला वलांडून पाहाले आलं नाई, बूट भिजन न त्याइचा.

मंग वजनं भराले सरकारी मोबाइल आला. पोडावर रेंज नाई. म्हनून मी वजनं पोडावर करो, कागदावर लिहो, अन् मंग हायवेवरच्या ढाब्यावर जाऊन चहा पेत पेत भरो, कारन रेंज तिथंच भेटे. आता मोबाइल आपन जिथं बसलो तोच ठिकाना आपल्या मनानं लिहून घेते, हे मले कोनी सांगतलं नाई. माहीच चूक म्हना. पोडाची आठ लेकरं, समदी वाळलेली, त्याइच्यात पहिली गंगी, मैनाची पोरगी, दोन वर्षाची अन् वजन साडेसहा किलो, दंडाचा घेर मोजाची पट्टी लावली का लाल रंगच दाखवे, अशी आठही लेकरं म्या मोबाइलात ढाब्यावर नेऊन बसवली अन् मलेच पत्ता नाई.

मीटिंगमधी नवीन साहेबानं भिंतीवर नकाशा लावला. पोडाची जागा कोरी, अन् हायवेवर लाल ठिपक्याइचा घोस. साहेब लय शिकलेले. म्हने, पाहा, कुपोषण कसं रस्त्याच्या कडेनं पसरत आहे, हे ढाब्यावरच्या तळकट खान्यानं, पाकिटातल्या चिप्सनं. बाजूचे दोघं मान हालवून लिहून घेऊन राह्यले, कायले लिहून घेते त्याइलेच ठाऊक. मी उठली, म्हटलं साहेब, तिथं लेकरूच नाई, तिथं मी चहा पेते. साहेब म्हने, मॅडम, तुमचं मत नको, माहिती काय सांगते ते पाहू. मत! सोळा वर्षं लेकरं तोलली ते मत झालं, अन् यानं कूलरखाली बसून ठिपके पाह्यले ते माहिती.

ढाबेवाल्याले सांगतलं त तो पोट धरून हासला. म्हने, बाई, माह्या घरी आठ लेकरं निघाली अन् बायकोले खबर नाई.

मंग त्याच्याच मागच्या खोलीत लेकराइच्या जादा जेवनाचं केंद्र मंजूर झालं. खिचडी, अंडं, शिरा, दिवसातून पाच खेपा. पोडावरून तिथं यायले दीड तास लागते. मैना म्हने, ताई, पाच पाच खेपा हिले तिथं नेऊ त कापूस कोन येचन, अन् नाई येचला त मोठीले काय चारू? गंगी माह्या मांडीवर होती, अंगात ताप, मान टाकलेली. आता हे पोरगी हातची जाते, असं वाटलं मले.

साहेब पाहनीले येनार म्हनून म्या मालाचा ऑटो केला अन् आठही लेकरं मायाइसकट ढाब्यावर आनली. म्हटलं साहेबानं डोळ्यानं पाह्यलं त समजन, मंग याले पोडावर नेते. साहेब उतरले, लेकरं मोजली, बरोबर आठ! अस्से खूश झाले का काय सांगू. म्हने, पाहिलं, नकाशा खरा निघाला. म्हटलं साहेब, हे पोडावरचे, मी आनले आज. म्हने, मॅडम, लेकरं आता इथं आहेत का नाही? म्हटलं, हायत. म्हने, मग! मैनाले विचारते, ताई, बाळाला वडापाव देता का? मैना मले हळूच म्हने, ताई, ते काय असते? अन् फोटो काढून गाडी गेली नागपूरकडं.

त्या दिवसापासून म्या त्या मानसाले समजावाचं सोडलं. मी सही ढाब्यावर करते, फोटो ढाब्यावर काढते, अन् अंडी, दाळ, तांदूळ, तेल समदं माह्या गाडीवर पोडावर. तिथं एक म्हातारी रांधते, मायाइच्या मागं लेकराइले पाच खेपा चारते. नेमात बसत नाई म्हनते. नसो बसत.

गंगी आठ किलोवर गेली. अन् नकाशावर ढाबा हिरवा झाला, बाई! साहेबाचा सत्कार झाला, शाल, नारळ, हायवे सुधारला म्हनून. आता चिठ्ठी आली, ढाब्यावर कुपोषित लेकरू उरलं नाई, केंद्र बंद करा. पोडावर मागून दोन लेकरं लाल पट्टीत आली, त्याइची वजनं अजून मोबाइलात चढली नाई, त्याइचं काय ते चिठ्ठीत नाई. दीड पोतं तांदूळ हाय, ते सरेपर्यंत चारते, मंग गावात घरोघरी मागीन, मले लाज नाई.

तुमच्या नातवाइले माहा आशीर्वाद सांगा, बाई, पोटभर जेवा म्हना. काल पोडावर गेलती त गंगीनं शेजारच्या पोट्ट्याच्या ताटातलं अंडं उचललं अन् पळाली. मैना काडी घेऊन मागं धावली. म्या मैनाचा हात धरला. म्हटलं, पळू दे वो, पळू दे तिले.