टॅक्स रिटर्न आणि खलबत्ता

यशोधन : ते सगळं मान्य, मोरेश्वरदादा, पण आता ती पीडीएफ द्या. दोन वाजून गेले. चारला झूम सुरू होणार, आणि मला आकड्यांवर पिवळा रंग मारायलाच अर्धा तास लागेल.

मोरेश्वर : देतो रे. आधी पाणी पी. कापेलहून एवढा लांब आलास.

यशोधन : पाणी झालं, चहा झाला, दोन थालीपिठं झाली. सरकारनं दिवसाला एकच पाहुणा घरात घ्यायची परवानगी दिली आहे, तो कोटा तुम्ही माझ्यावर खर्च केलात. मग पाहुण्याला कामाला तरी लावा.

मोरेश्वर : मला एक सांग. मंडळाच्या अध्यक्षाचा टॅक्स रिटर्न लोकांना बघायचाय कशाला? गणपती बसवायचा, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या, कोणी वारलं तर ग्रुपवर दोन ओळी लिहायच्या. त्यात माझं उत्पन्न कुठे आलं?

यशोधन : हे काल सकाळी विचारायचं होतं. मी मसुदा पाठवला, तुम्ही अंगठा दिलात.

मोरेश्वर : अंगठा मी सगळ्यांनाच देतो. शोभाताईंनी गुडघ्याचं ऑपरेशन पुढे गेल्याचं कळवलं, तेव्हाही दिला होता.

यशोधन : त्यांनी तो अजून मनात ठेवलाय, ते एक मत मी आपल्यात धरलेलं नाही. पण माझ्या मसुद्यावर तुमचा अंगठा आला म्हणून मी तो तुमच्या नावानं ग्रुपवर टाकला. वाचून दाखवतो. ‘गेली सहा वर्षं मी मंडळाचा खजिनदार आहे. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. रविवारच्या सभेत मी माझा या वर्षी भरलेला टॅक्स रिटर्न सर्वांसमोर उघडणार आहे. प्रतिस्पर्धी उमेदवारानंही तेवढं धाडस दाखवावं.’ बावीस जणांनी टाळ्यांची चित्रं टाकली. सहा वर्षांत तुमच्या हिशेबाला मिळून बावीस टाळ्या पडल्या नसतील.

मोरेश्वर : हिशेब चोख असला की कोणी टाळी वाजवत नाही. तेच चांगलं असतं.

यशोधन : चांगलं असतं, पण मतं मिळत नाहीत. तुमच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या विश्वासनं काय केलं? ग्रुपवर एकच ओळ टाकली, की गेल्या वर्षीचा गणपती ऑनलाइन झाला, मग हॉलच्या डिपॉझिटचं काय झालं. झालं, आइंडहोवनची सगळी पोरं त्याच्यामागे. तुम्ही उत्तरादाखल हॉलवाल्याचं पत्र टाकलंत, तीन पानी, डचमध्ये. ते उघडलं किती जणांनी? चौघांनी. त्यात एक मी.

मोरेश्वर : डिपॉझिट हॉलवाल्याकडे पुढच्या कार्यक्रमासाठी जमा आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय.

यशोधन : स्वच्छ लिहिलेलं लोक वाचत नाहीत, दादा. लोकांना उघडून दाखवलेलं लागतं. अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार आपला रिटर्न दाखवतात, तसा रिवाज आहे तिकडे. मी म्हटलं, आपणही अध्यक्षच निवडतोय.

मोरेश्वर : एकशे सेहेचाळीस सभासदांचा.

यशोधन : त्यातले एकशे अठ्ठावीस मत देणारे. विश्वास पंचावन्न, आपण बावन्न, एकवीस कुंपणावर. एकोणीस वर्षं मंडळात निवडणूक झाली नाही, माहितीय ना? हॉलमध्ये सगळे एकमेकांना ‘तुम्हीच घ्या, तुम्हीच घ्या’ म्हणायचे, आणि जो आधी दमायचा तो अध्यक्ष. तोंडासमोर कोणाविरुद्ध उभं राहायची कोणाची टाप नव्हती. आता घरात बसून फॉर्म भरायचा, त्याला काय, एक बोट लागतं.

मोरेश्वर : विश्वास काय म्हणाला? रिटर्नचं?

यशोधन : मला वाटलं तो गडबडेल. अकरा मिनिटांत उत्तर आलं, आव्हान स्वीकारलं म्हणून. आज सकाळी त्याच्या बायकोनं आमच्या स्वानंदीला फोन करून सांगितलं, की तो आकडे मोठ्या अक्षरांत करून बसलाय. त्यामुळे आता आपण मागे हटलो, तर कुंपणावरचे एकवीस सरळ पलीकडे उडी मारतील. म्हणून म्हणतो, पीडीएफ.

मोरेश्वर : वरच्या लॅपटॉपवर आहे.

यशोधन : मग वर जाऊ या.

मोरेश्वर : वर पसारा आहे. ऑफिस केलंय ना माळ्याचं.

यशोधन : बरं, मग सरकारी साइटवरून काढू. तुमच्या डिजीडीनं लॉगिन करा.

मोरेश्वर : पासवर्ड आठवत नाही रे.

यशोधन : दादा, मंडळाच्या बँकेचे, वेबसाइटचे आणि तीन अध्यक्षांच्या ईमेलचे पासवर्ड तुम्हाला तोंडपाठ आहेत. खरं सांगा, काय आहे त्यात? बाणेरचा फ्लॅट दाखवला नाहीत?

मोरेश्वर : दाखवलाय. दर वर्षी दाखवतो. अर्धी मंडळी विसरतात, त्यांना मीच मार्चमध्ये आठवण करतो.

यशोधन : मग आकडा फार मोठा आहे? तसं असेल तर भाव खाऊ नका. माळ्यावरून फ्लाइट-बुकिंगचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या माणसाचा पगार लोकांनी केव्हाच धरलाय. मीही धरलाय, वहीत आहे.

मोरेश्वर : किती धरलायस?

यशोधन : ते निकालानंतर. माझी आखणी अशी आहे. चार वाजता विश्वास आधी बोलेल. तुम्ही नंतर. चौदा वर्षं एकच कंपनी, करोनात विमानं जमिनीवर असताना तुम्ही दिवसरात्र काम केलंत, रविवारीसुद्धा, आणि त्यातून मंडळाचा हिशेब ठेवलात. एवढं बोलून पीडीएफ उघडायची. पाठीमागे वहिनींचा तो खलबत्ता ऐकू आला तर बहार. अहो, कोण कुटतं हल्ली? मी आलो तेव्हापासून ठक ठक चाललंय. नेदरलँड्समध्ये राहून घरात कुटलेली चटणी. संस्कृतीला मानणाऱ्या सात मतांची गोष्ट आहे ती.

मोरेश्वर : ती संस्कृतीसाठी कुटत नाही. मी वर मीटिंगमध्ये असलो की मिक्सर लावत नाही. आवाज येतो म्हणून.

यशोधन : एवढी जपणूक? आमच्याकडे स्वानंदी माझ्या मीटिंगमध्येच व्हॅक्यूम काढते. बरं, आज रविवारी कसली मीटिंग?

मोरेश्वर : सवय लागलीय तिला. रविवारीही वर बसतो मी. ऑगस्टपासून.

यशोधन : ऑगस्टपासून खलबत्ता? दादा, तुमची कंपनी तुम्हाला पिळून घेतेय. तेही भाषणात घालतो.

मोरेश्वर : नको घालू.

यशोधन : का नको? कष्टाला मत पडतं.

मोरेश्वर : यशोधन, जरा हळू बोल. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं आहे का बघ.

यशोधन : लोटलेलं आहे.

मोरेश्वर : हा घे फोन. पीडीएफ यातच आहे. पहिल्या पानावर उत्पन्नाचा तक्ता आहे, त्यात दोन ओळी आहेत. वरची कंपनीची. खालची वाच.

यशोधन : ...हे तर बेकारभत्त्याचं ऑफिस.

मोरेश्वर : हो.

यशोधन : म्हणजे ऑगस्टपासून.

मोरेश्वर : एक ऑगस्टपासून. विमानंच उडेनात, तर बुकिंग कोण करणार? बारा मिनिटांच्या कॉलमध्ये आमचा अख्खा विभाग बंद केला. मी वरच बसलो होतो. खाली आलो तर सुनेत्रा म्हणाली, मीटिंग लवकर संपली. मी म्हटलं, हो. त्यानंतर ते सांगायचं राहून गेलं.

यशोधन : आठ महिने?

मोरेश्वर : पहिल्या दिवशी सांगितलं नाही, की दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. नोकरी गेली, आणि काल खोटं बोललो. तिसऱ्या दिवशी तीन. तूच हिशेब कर.

यशोधन : आणि पैसे? वहिनींना बँकेत दिसलं नाही?

मोरेश्वर : भत्ता माझ्या खात्यात येतो. पंचवीस तारखेला घरखर्चाच्या खात्यात पूर्वीइतकेच टाकतो. कमी पडतात ते बचतीतून. तिथे एक पैसा चुकलेला नाही.

यशोधन : मग दिवसभर वर करता काय?

मोरेश्वर : भत्ता हवा तर दर चार आठवड्यांना चार अर्ज करावे लागतात. मी दहा करतो. बावन्नाव्या वर्षी उत्तरं फार नम्र येतात. उरलेल्या वेळात मंडळाचा हिशेब. म्हणून तर तो इतका चोख आहे. कधी हेडफोन लावून डचचे धडे मोठ्यानं म्हणतो. खाली वाटतं, क्लायंट आहे.

यशोधन : आणि त्यात तुम्हाला अध्यक्ष व्हायचं सुचलं.

मोरेश्वर : कार्यकारिणीची मीटिंग दर मंगळवारी असते, यशोधन. खरी असते. पलीकडे माणसं असतात.

(आत खलबत्त्याचा आवाज थांबतो.)

यशोधन : थांबा, मला विचार करू द्या. वाईट मानू नका, माझं डोकं असंच चालतं. हे बाहेर आलं तर आपलं जातं किती? आणि येतं किती? कुणालचा करार संपलाय, तो ग्रुपवर बोलत नाही, पण मला माहितीय. मीराचे तास अर्ध्यावर आणलेत. विद्यार्थी तर सगळेच, त्यांची हॉटेलांतली कामं गेली. हे कुंपणावरचेच आहेत, दादा. हळव्या आवाजात मांडलं तर एकवीसपैकी चौदा...

मोरेश्वर : बस कर.

यशोधन : पंधरासुद्धा होतील.

मोरेश्वर : माझी कीव करून पंधरा मतं मिळणार असतील, तर ती विश्वासला दे. आणि मतांचं मरो. ती सभेत असणार आहे. तिला हे स्क्रीनवर दिसणार, एकशे अठ्ठावीस लोकांबरोबर. तू असं कर, लिही ग्रुपवर, की मोरेश्वरला ताप आलाय.

यशोधन : ताप? या दिवसांत? सव्वादोनला लिहिलं तर अडीचला अख्खं मंडळ माझी टेस्ट करायला सांगेल. तुम्ही क्वारंटाइन, वहिनी क्वारंटाइन, आणि दाराशी डबे.

मोरेश्वर : मग लिही, की उमेदवारी मागे घेतो. वैयक्तिक कारण.

यशोधन : मग लोक म्हणतील, डिपॉझिट खाल्लं. सहा वर्षांचा हिशेब मातीत.

मोरेश्वर : जाऊ दे मातीत.

यशोधन : हे तुम्ही म्हणताय? बारा सेंट जुळेनात म्हणून संक्रांतीचं हळदीकुंकू चाळीस मिनिटं थांबवणारा माणूस?

सुनेत्रा : अकरा सेंट होते.

मोरेश्वर : अगं, तू कधी आलीस?

सुनेत्रा : दार नुसतं लोटलेलं होतं. यशोधन, थालीपीठ आणखी वाढू?

यशोधन : नको वहिनी. मी... जरा बागेत जाऊन येतो. विश्वासला फोन करायचाय.

सुनेत्रा : बसा. तुम्ही बाहेर गेलात, तर हा आणखी एक मीटिंग काढेल.

मोरेश्वर : सुनेत्रा, आमचं भाषणाचं चाललं होतं. अजून काही ठरलेलं नाही.

सुनेत्रा : तो रिटर्न आपण दोघांचा मिळून भरतो ना?

मोरेश्वर : हो. त्यात टॅक्स कमी बसतो.

सुनेत्रा : मग त्याला सह्या किती लागतात?

मोरेश्वर : ...दोन.

सुनेत्रा : मार्चच्या सात तारखेला तू माझा फोन मागितलास. म्हणालास, नुसता कोड टाक, नेहमीचंच आहे. मी म्हटलं, भाजी उतरवते, मग टाकते. भाजी उतरवली आणि वाचलं.

मोरेश्वर : सगळं?

सुनेत्रा : दोनच ओळी होत्या. कोड टाकून फोन तुला परत दिला.

मोरेश्वर : मार्चपासून तुला माहीत आहे.

सुनेत्रा : लेखी मार्चपासून. संशय दिवाळीत आला. क्लायंटला कोणी तीन वेळा ‘माझी सायकल निळी आहे’ असं सांगत नाही.

यशोधन : वहिनी, मग हे इतके दिवस कुटत...

सुनेत्रा : तो वर होता ना. बोलत होता कोणाशी तरी. मिक्सर लावला असता तर त्याला वाटलं असतं, मला काही फरक पडत नाही.

मोरेश्वर : तू विचारायचंस गं.

सुनेत्रा : सांगायचं होतं तुला. मी रोज दुपारी चहा ठेवला की दहा मिनिटं जिन्याखाली थांबायचे. तू खाली येऊन सांगशील म्हणून. मग चहा वर आणून द्यायचे.

मोरेश्वर : मला वाटायचं, चहा इतका कोमट का असतो.

यशोधन : दादा, अडीच वाजले. विश्वासचा मेसेज आलाय. विचारतोय, आधी कोण उघडणार.

मोरेश्वर : त्याला लिही, मी.

यशोधन : आखणीप्रमाणे तुम्ही नंतर आहात.

मोरेश्वर : आखणी राहू दे. ती पीडीएफ घे. रंग मारायचा तर खालच्या ओळीला मार. हळवा आवाज वगैरे काही नाही. ओळ वाचेन, मग हॉलवाल्याचं पत्र वाचेन, मराठीत, आणि बसेन.

यशोधन : याला मतं किती पडतील सांगता येत नाही हं.

मोरेश्वर : तुझी वही मिट थोडा वेळ. आणि वरून लॅपटॉप घेऊन ये. इथूनच बोलतो, या टेबलावरून.

सुनेत्रा : इथून? मला रात्रीच्या इडल्यांसाठी चटणी वाटायचीय. नारळ खवून ठेवलाय.

यशोधन : वहिनी, पाचपर्यंत थांबा. माईक चालू असेल, मिक्सरचा आवाज सगळ्यांना जाईल.

मोरेश्वर : जाऊ दे. लाव तू.