अकरा टेबलांचा पुठ्ठा

मुलगी : ...म्हणून मी कात्री खाली ठेवली. म्हटलं, मापाच्या या पुठ्ठ्यावरून मी कापड कापणार नाही.

आई : कारखान्यात, सगळ्यांसमोर?

मुलगी : दहाही कटर बघत होते. मास्तर म्हणाले, "वीस वर्षं अकरा टेबलांवर नर्सबायांचे गणवेश असेच कापले जातायत. बाकीचे सगळे आंधळे आणि तू एकटी डोळस?"

आई : मग?

मुलगी : म्हटलं, त्या बायांना हात वर करता येत नाही. दर महिन्याला ढीगभर गणवेश पाठीत उसवून परत येतात. तर म्हणे, बायका सुटल्यात!

आई : वीस वर्षं सुटतायत? एव्हाना दारात मावायला नकोत.

मुलगी : हसू नकोस गं! जेवणाच्या सुट्टीनंतर चूक दाखवायची, नाहीतर माझी रवानगी बटणांच्या टेबलावर.

आई : मोजलंस का पण?

मुलगी : तीनदा. पाठीच्या भागाला मुंढ्याकडे, बाही जोडतात तिथं, शिवणीसाठी अर्धा इंच सोडलेलाच नाही. अकराही पुठ्ठ्यांत तेच.

आई : अकरा जणांची अगदी एकच चूक?

मुलगी : मोजलं कुणी होतं? एकावरून दुसरा गिरवला, दुसऱ्यावरून तिसरा. मग शेजाऱ्याच्या पुठ्ठ्याला आपला लावून बघायचा. जुळला, की झालं.

आई : म्हणजे साक्षीदार एकच, अकरा वेळा उभा केलेला. पहिला पुठ्ठा कुठाय?

मुलगी : तो कशाला? ही नक्कल आणलीये ना.

आई : पिशवीत दोन पुठ्ठे वाजतायत. डोळे अधू झाले असतील माझे, कान शाबूत आहेत. दे इकडे.

(आई पुठ्ठ्याच्या कडेवरून बोटं फिरवते. कोपऱ्यावर थांबते.)

आई : खिळ्याला अडकवायचं भोक. त्याभोवती कापडाची पट्टी. अशी पट्टी तिथं एकच बाई चिकटवायची.

मुलगी : मी तुझं नाव कुठंच घेतलं नाही, आई. तिथं अजून म्हणतात, बाईंचा हात कधी चुकला नाही.

आई : कोण म्हणतं?

मुलगी : सगळेच.

आई : हं. सगळे म्हणायचे, म्हणून मलाही तसंच वाटत राहिलं. चष्मा दे. आणि टेप.

मुलगी : राहू दे ना...

आई : धर टोक. ...अर्धा इंच. खरंच राहिला की गं माझ्याकडून.

मुलगी : रागावलीस?

आई : इतक्या वर्षांत माझं काम पुन्हा मोजून बघणारी एक भेटली, तीही पोटची. आणि रागावू? चप्पल दे माझी.

मुलगी : तू येतेस? त्या सगळ्यांसमोर?

आई : चल, सुट्टी संपेल. आणि पुठ्ठा पिशवीत कोंबू नकोस. हातात धर, पट्टी दिसेल असा.