मत न देण्याचा करार

न्यू हॅम्पशायरमधल्या आमच्या गावी मतदानाच्या रांगेत माझ्यापुढे म्हातारी आर्डिथ होती, नुकताच नवरा गेलेली. टेबलामागे क्लॉडेट, पन्नास वर्षं मतदारयादीवर खुणा करणारी.

“माझ्या वेंडेलचं नाव खोडलंस?”

“खोडावं लागलं गं.”

“एक पाप सांगू? सेनेटची ती निवडणूक दोन मतांवर अडली, परत घ्यावी लागली, आठवतंय? तेव्हा आम्ही हातावर हात मारला होता. आमचे पक्ष वेगळे. मी दिलेलं मत तो पुसणार, मग सेनेटच्या मतदानाला दोघांनीही जायचंच नाही.”

“आणि तू आलीस.”

“तेव्हापासून दर सेनेटला. तो बिचारा शब्द पाळून पहाटेच गाडी घेऊन लाकडं आणायला जायचा. मी मागून दोन मैल चालत यायचे. शेवटच्या दिवसांतही त्याला सांगायचं धाडस झालं नाही.”

“लाकडं? अगं, आम्ही दार उघडायच्या आधी त्याची गाडी बाहेर उभी असायची.”

“वेंडेलची?”

“दर वेळी. ‘आर्डिथला सांगू नकोस’ म्हणायचा. तूही तेच म्हणायचीस. मी दोघांचंही ऐकलं.”

“मेला लबाड!”

“मतपत्रिका घे, आर्डिथ. मागे लोक खोळंबलेत.”

“एकाच गाडीतून आलो असतो गं.”