मी करते तसं करायचं

...आणि वर मलाच विचारतात, "भागुमावशी, पोरांना शिकवलंत तरी काय?" काय म्हणजे? सगळं शिकवलं! तीस वर्षं ह्या गावच्या चर्चची शब्बाथशाळा मी एकटीनं ओढली. दर रविवारी पंचवीस चिल्लीपिल्ली... कुणाचं नाक पुसा, कुणाला बाहेर न्या, त्यातच नोहाचं तारू, त्यातच दहा आज्ञा! तेव्हा नाही आला कुणी विचारायला! आता गुडघे बोलायला लागले, तर पाळकसाहेब म्हणतात, "भागुबाई, शिकवायला तरणी मुलं तयार करा. ईस्टरनंतर अलिबागहून कृष्णाबाई तपासायला येतायत. मुलं तयार दिसली तर वर्ग राहील, नाहीतर बंद. मग आपली पोरं खाडीपलीकडच्या वर्गाला." तरीतून! पाच-पाच वर्षांची लेकरं, पावसाळ्यात, तरीच्या होडीतून! म्हटलं, आणा तुमची तरणी मुलं.

तीन आली. मैना, पंधरा वर्षांची, तोंड उघडेल तर शपथ. चंदर, हा एवढा उंच, आवाज फुटलेला, अर्धं वाक्य बापाच्या आवाजात नि अर्धं बहिणीच्या. आणि रंगू. त्याला विचारलं, "का आलास रे?" तर म्हणतो, "आयशीनं धाडलं." झालं!

मी सांगून टाकलं, माझ्याकडे नियम-बियम काही नाहीत, मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. डोळे उघडे ठेवायचे आणि मी करते तसं करायचं!

आणि केलं हो मेल्यांनी! तुम्हाला सांगते, गोष्टीच्या आधी मी तीनदा खाकरते, तपकिरीची सवय, काय करणार... तर चंदर तीनदा खाकरतो. गुडघा धरतो म्हणून मी कंबरेवर हात ठेवून उठते, तर तो सोळा वर्षांचा घोडा कंबरेवर हात ठेवून 'आई गं' करत उठतो! रंगू पोरांवर ओरडतो, "गप बसा मेल्यांनो, प्रभू बघतोय!" म्हटलं, "रंग्या, चर्चमध्ये हे काय बोलणं?" तर म्हणतो, "मावशी, तुमीच बोलता ना!" मी बोलते? ...बोलत असेन. मी करते तसं करायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

कृष्णाबाई आल्या. पूर्वी गोरी मिसबाई यायची, ती निदान मराठीत अडखळायची, आम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळायचा. ह्या आपल्यातल्याच, ट्रेनिंग कॉलेज झालेल्या, नजरेतून काही सुटत नाही. वही उघडली, म्हणाल्या, "चंदर, समुद्रातल्या वादळाचा उतारा वाचून दाखव." चंदर उठला. आई गं. खाकरला... एक, दोन, तीन. आणि बायबल उघडून हातावर आडवं धरलं, वरची बाजू स्वतःकडे! म्हणजे अक्षरं पोरांना सुलटी, ह्याला उलटी! मान वाकडी, कपाळावर घाम, एकेक शब्द गळ टाकून ओढल्यासारखा वर येतोय...

"अरे, पुस्तक उलटं का धरलंस?"

"बाई, शिकवायचं पुस्तक असंच धरतात."

"कुणी सांगितलं?"

तिघांची तीन बोटं माझ्याकडे!

आता काय सांगू? माझा भाऊ तुकाराम शाळेत जायचा. मी नाही, मुलगी ना! तो ओसरीवर मांडीवर पुस्तक घेऊन घोकायचा आणि मी समोर सूप घेऊन तांदूळ निवडायची. समोर म्हणजे समोरून! तशीच वाचायला शिकले. मला पहिलं अक्षर भेटलं तेच पाय वर केलेलं, आणि तसंच राहिलं. तीस वर्षं सगळ्यांना सांगत आले, पुस्तक मुलांकडे धरावं, मुलांना अक्षरं दिसतात... हसू नका! दिसतातच की!

कृष्णाबाई म्हणाल्या, "सुलटं धर बघू." चंदरनं फिरवलं आणि काय विचारता, शिडात वारा भरला! रंगूनंही वाचलं. आणि मैना, ती मुकी मैना, तिनं वादळ असं वाचलं की पुढची पोरं बाकाला धरून बसली! म्हटलं, वाचला आपला वर्ग. तेवढ्यात बाईंनी पुस्तक माझ्या हातात ठेवलं. सुलटं.

"आता तुम्ही, भागुबाई."

पानाकडे बघते तर ओळखीचं एक अक्षर नाही, आणि फिरवावं तर बाईंची नजर माझ्या हातांवर. पंचवीस पोरं टक लावून... मागून एक कार्टं म्हणालंच, "मावशीला वाचता येत न्हाय काय?" मी नुसतीच खाकरले... एक, दोन, तीन.

मैना उठली. माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि मांडीवर उघडलं... अगदी तुकाराम बसायचा तशी. मग काय! मी समोरून धडाधड वाचलं, वारा पडून समुद्र निवांत होईपर्यंत थांबलेच नाही!

कृष्णाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "वर्ग इथेच राहील. मुलं तिघंही पास. मास्तरीणबाईंना मात्र शिकवणी लावा."

तेव्हा आता रोज दुपारी मी ओसरीवर, बासष्टाव्या वर्षी, मांडीवर सुलटं पुस्तक. म्हणते, "अगो, ही सगळी अक्षरं उताणी पडलीयेत गो!" तर मैना, जिचं तोंड मी उघडलं ती मैना, कंबरेवर हात ठेवते, तीनदा खाकरते आणि म्हणते, "गप बसा मावशी, प्रभू बघतोय. मी करते तसं करायचं!"

करतेय.