गाळलेली ओळ

आगरदांड्याच्या धक्क्यावर अनुया फेरीबोटीच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे कोर्लईच्या दोघी होत्या, आत्या आणि भाची.

"दवाखान्यातून फोन आला, ज्युलीआत्या. बाबांचं काही खरं नाही."

"तुझ्या बापानं माझ्या पोराला वादळात होडीवर नेलं आणि एकटाच परत आला."

"दर रविवारी चर्चला जातेस ना तू?"

"जाते. सगळी प्रार्थना म्हणते. 'आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हांला कर' आलं की तेवढी ओळ गाळते."

"मग तुझं तारण कसं होणार गं?"

"नको होऊ दे. स्वर्गात जाऊन त्याच्या शेजारी बसू?"

"असं नको बोलूस."

"पाद्री येऊन गेले ना? माफी दिली त्याला?"

"दिली. मरणाआधीचं पवित्र तेलही लावलं."

"मग मला कशाला बोलावतो?"

"ती पुरत नाही, बाबा म्हणतात."

"देवाची माफी पुरत नाही?"

"तुझी हवी म्हणतात."

बोट लागली. लोक दोघींना वळसा घालून पुढे जाऊ लागले.

"माझ्याकडं नाहीच गं ती," आत्या म्हणाली. "मरणाऱ्या माणसाला खोटी कशी देऊ?"